बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचा पासवर्ड

बेदाण्याचे व्यापारी धन्यकुमार मगदूम म्हणजे सांगलीच्या मार्केट यार्डातले अण्णा. अण्णांनी उभ्या आयुष्यात कुठलीही वस्तू विकणाऱ्याच्या शब्दावर घेतली नव्हती. छत्री घ्यायची तर दुकानाच्या पायरीवर उभं राहून वरून घागरभर पाणी ओतायला लावायचे. कुलूप घ्यायचं तर ते दुकानदाराच्याच दाराला बाहेरून लावायचे आणि आत अडकलेल्या दुकानदाराला सांगायचे, "आता किल्लीबिगर भायेर या. आलासा तर कुलूप तुमाला परत."

अशा माणसाला पुण्याच्या कुणालनं बिनतारी डबे विकले, हेच मुळात नवल. पण अण्णांचाही इलाज नव्हता. त्यांचं ऑफिस मार्केट यार्डात आणि कोल्ड स्टोरेज कुपवाडच्या रस्त्याला. दोन्हीकडं कॉम्प्युटर आले होते, पण मधली टेलिफोनची केबल कोण ना कोण सारखं खणून काढायचं. कधी पाण्याची लाइन, कधी गटार, कधी नुसताच उत्साह. मग स्टोरेजमध्ये किती पेट्या आल्या, किती गेल्या, हे सांगायला माणूस सायकलवरून पळायचा. १९९८ च्या पावसाळ्यात अण्णा वैतागले. कुणालच्या कंपनीनं रीतसर परवाना काढून दोन्ही गच्च्यांवर अँटेना उभे केले, कॉम्प्युटरशेजारी एकेक डबा ठेवला आणि पेट्यांचे आकडे हवेतून जायला लागले.

आकडे हवेतून जातात म्हटल्यावर अण्णांना दुसरीच काळजी लागली. कुणाकडं किती माल पडून आहे हे समोरच्या व्यापाऱ्याला कळलं, की सौद्यात तो भाव पाडून मागणार.

"काळजी सोडा अण्णा," कुणाल म्हणाला. "पासवर्ड आहे. दहा अक्षरांपेक्षा लहान पासवर्ड आमचं यंत्र ठेवूच देत नाही. पूर्ण अभेद्य."

"फोडून बघितलाय का कुनी?"

"फोडून? नाही, म्हणजे फुटणारच नाही तर..."

"मग बघू की," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी विश्रामबागेत आम्रपालीला निरोप धाडला.

आम्रपाली बनसोडे मूळची साताऱ्याची. सांगलीत इंजिनिअरिंग केलं, इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली आणि पुण्या-मुंबईला जायचं सोडून विश्रामबागेत एका खोलीत कॉम्प्युटर क्लास काढला. वडील नाथाजी लष्करात सिग्नलला होते. त्यामुळे तिच्या घरी रेडिओ ही ऐकायची नव्हे, उघडायची वस्तू होती. अण्णांची भाची चंदना तिच्याच क्लासात शिकलेली. हल्ली मार्केट यार्डातला कॉम्प्युटर चंदनाच चालवायची आणि पासवर्डही तिनंच ठेवला होता. तो तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता, अण्णांनाही नाही.

"मॅडम," अण्णा म्हणाले, "तुमी चोर हायसा असं समजा. फोडा. फुटला तर ह्या कुणालचे डबे परत. न्हाई फुटला तर तसं लिहून द्या."

आम्रपालीला हसू आलं. असलं काम कुणी तिला आजवर दिलं नव्हतं. बीएस्सीच्या मुलांना तेच ते शिकवून तिचा जीव विटला होता. ती लगेच हो म्हणाली. कुणालनंही मोठ्या मनानं आणखी एक डबा तिच्या हवाली केला. "करा प्रयत्न," म्हणाला, आणि डबा कसा चालतो त्याचं पुस्तकही दिलं.

पहिला प्रयत्न तिनं सरळ समोरच्या दारानं केला. डबा आपल्या कॉम्प्युटरला जोडला, क्लासच्या गच्चीवर अँटेना बांधला आणि एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. प्रोग्रॅम एक शब्द पाठवायचा, कुपवाडचा डबा "नाही" म्हणायचा, की हा पुढचा शब्द पाठवायचा. कोल्ड स्टोरेजला सुट्टी होती तो दिवस तिनं मुद्दाम धरला.

पण बिनतारी डब्याला बोलायला दम लागतो. आधी तो आपली हवा मोकळी आहे का बघणार, मग घसा खाकरल्यासारखा खर्र करणार, मग शब्द, मग उत्तराची वाट. एका शब्दाला चार-पाच सेकंद सहज जायची. दुपारपर्यंत तिचे जेमतेम अडीच हजार शब्द झाले आणि डबा तव्यासारखा तापला. तिनं टेबल फॅन लावला. फॅननं थोडा वेळ बरं वाटलं. मग वास यायला लागला. आधी तिला वाटलं, शेजारी कुणाची तरी आमटी लागली. ती खिडकी लावायला उठली आणि मागं डब्यातून निळसर धुराची बारीक रेघ वर गेली.

अण्णांनी जळका डबा हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला.

"मॅडम, फोडाय सांगितलं हुतं. जाळाय न्हवं."

"अण्णा, हा डबा अधूनमधून बोलायला केलाय. दिवसभर बोलायला लावलं की त्याचा ट्रान्समीटर जळतो."

"म्हंजे चोराचा बी जळंल?"

"जळेल की."

"हे बाकी ब्येस हाय," अण्णा म्हणाले. कुणालचा चेहरा मात्र, डबा कुणाच्या नावावर जळला या विचारात, थोडा उतरला.

आम्रपालीला मात्र आता चेव चढला. पुस्तक वाचता वाचता तिच्या लक्षात आलं, की चोराला बोलायची गरजच नाही. नुसतं ऐकलं तरी पुरे. सकाळी चंदना पासवर्ड घालते तेव्हा पासवर्ड काही हवेतून जात नाही. कुपवाडचा डबा एक आकडा पाठवतो. चंदनाचा डबा त्या आकड्यात पासवर्ड कालवून, ठरलेल्या रीतीनं घुसळून, दुसरा आकडा परत करतो. ती रीत पुस्तकात छापलेलीच होती. म्हणजे हे दोन आकडे हवेतून टिपले, की घरी बसून एकेक शब्द त्या रीतीनं घुसळून पाहायचा. ज्या शब्दातून तोच दुसरा आकडा निघेल, तो पासवर्ड.

जळक्या डब्याचा बोलायचा भाग गेला होता, ऐकायचा शाबूत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दोन्ही आकडे टिपले. आता सगळा भार तिच्या कॉम्प्युटरवर. तिचा कॉम्प्युटर म्हणजे फोर-एट-सिक्स. पुढं 'टर्बो' नावाचं बटण, ते दाबलं की हिरवा दिवा लागायचा आणि निदान मालकाला तरी तो वेगानं चालतोय असं वाटायचं. एका सेकंदाला तो हजारभर शब्द तपासायचा. डब्याच्या तुलनेत हा वाराच. तिनं आनंदानं कागदावर हिशेब मांडला. दहा अक्षरांचे होतील तेवढे सगळे शब्द तपासायचे तर किती वेळ?

हिशेब संपल्यावर तिनं पेन ठेवलं आणि अण्णांना फोन लावला.

"साडेचार हजार वर्षं लागतील, अण्णा."

"म्हंजे महावीरस्वामींच्या काळात तुमी मशीन चालू केलं असतं..."

"तर आज जेमतेम अर्ध्यावर आलं असतं."

"मग फुटत न्हाई म्हना की!"

"थांबा हो. सगळे शब्द कशाला तपासायचे? माणूस पासवर्ड ठेवतो तो ओळखीचाच शब्द ठेवतो."

आता तिनं शब्द गोळा करायला घेतले. माणसांची नावं, गावं, देव, तीर्थंकर, फळं, पदार्थ, नात्यातली माणसं, शिव्यासुद्धा. ते इंग्रजी अक्षरांत लिहायचे आणि एकाला एक जोडून दहा अक्षरांच्या वरच्या जोड्या करायच्या. तरीही जोड्या इतक्या झाल्या, की एका मशीनला आठवडा पुरला नसता. आणि क्लासच्या मुलांना मशीन हवंच होतं.

दिवाळीची सुट्टी लागली तशी ती फ्लॉप्या जेवणाच्या रिकाम्या डब्यात घालून एसटीनं साताऱ्याला गेली. पोवई नाक्याजवळ तिच्या चुलत्याचा, जोतीरामकाकांचा टायपिंग क्लास होता. त्यात नुकतेच दोन कॉम्प्युटर आले होते आणि सुट्टीत ते चादरी पांघरून झोपले होते. काकांनी किल्ली दिली. तिनं काम तीन मशीनमध्ये वाटलं. एक तृतीयांश शब्द सांगलीत, उरलेले साताऱ्याच्या दोन मशीनवर.

"लाइट गेली तर?" नाथाजींनी विचारलं. लेक काय करते हे बघायला ते स्वतः आले होते.

"दर थोड्या वेळानं कुठवर आलंय ते मशीन लिहून ठेवतं, आबा. लाइट आली की परत चालू करायचं. तिथनं पुढं चालतंय. पण चालू करायला माणूस पाहिजे."

"मी हाय की," नाथाजी म्हणाले. त्यांनी खुर्ची दाराशी ओढली, थर्मास शेजारी ठेवला आणि ड्यूटी लावून घेतली. शब्दांच्या यादीत त्यांनी आपली भरही घातली. "रेजिमेंट घाल. कॅन्टीन घाल. लान्सनायक घातलंस का?"

"आबा, सांगलीची जैनांची पोरगी लान्सनायक कशाला ठेवील?"

"दुश्मन तसंच समजतोय. घाल."

तिनं घातला.

ती सांगलीला परतली. पुढचे दिवस असे गेले, की सकाळी आणि संध्याकाळी विश्रामबागेतला फोन वाजायचा. "जयभीम बेटा. एक नंबर मशीन लोणच्यावर आलंय. दोन नंबर म्हसवडला हाय. दोनदा लाइट गेली, दोनदा मशीन चालू केलं. दुश्मनाचा पत्ता न्हाई." आम्रपालीही आपल्या मशीनची खबर द्यायची. इतकं रोज बोलणं बापलेकीत ती कॉलेजला गेल्यापासून झालं नव्हतं. बोलणं शब्दांवरून निघायचं आणि कुठंही जायचं, कधी आईच्या गुडघेदुखीवर, कधी लडाखच्या थंडीवर.

सांगलीचे शब्द संपले. पासवर्ड सापडला नाही. साताऱ्याचं एक नंबर संपलं. तिथंही नाही. उरलेलं मशीन चालू होतं, पण त्यात आता लान्सनायकासारखेच शब्द राहिले होते. कुणाल पुण्याहून येतोय म्हणून कळवून मोकळा झाला. त्याला लेखी पाहिजे होतं, 'अभेद्य' म्हणून.

आम्रपालीला हरल्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. टोचत होतं ते वेगळंच. आपल्याकडचा हातोडा लहान होता म्हणून भिंत पडली नाही, एवढंच खरं. त्यावरून भिंत पोलादी आहे असं कसं लिहून द्यायचं? पण अण्णांना हे पटवणार कसं, या विचारात ती कुणाल यायच्या दिवशी सकाळी मार्केट यार्डात गेली. अण्णा सौद्याला गेले होते. चंदना एकटीच कॉम्प्युटरपुढं होती. तिनं सवयीनं कीबोर्डवर ओढणी टाकली, ओढणीखाली हात घालून पासवर्ड घातला आणि चिडून कीबोर्डवर एक चापट मारली.

"काय झालं गं?"

"एक कळ बसलीय, मॅडम. परवा चहा सांडला. मामांना म्हणलं नवा कीबोर्ड घेऊ, तर म्हणतात, एकाच कळीसाठी आख्खा कीबोर्ड कशाला. आकड्यांच्या कळा चालतात ना, मग झालं."

"अगं, मग पासवर्ड कसा घालतेस? ते अक्षर पासवर्डात नाही वाटतं?"

"हाय की. दोनदा हाय."

"आणि तरी आत घेतं?"

"घेतं की. परवापासनं घेतंयच."

आम्रपाली टेबलावरून उठली ती उठलीच. चंदनाच्या समोर येऊन तिनं दोन्ही हातांनी तिचे खांदे धरले. "चंदना, मला पासवर्ड सांगू नकोस. एवढंच सांग. ते अक्षर पासवर्डात पुढं आहे का मागं?"

"मागं. शेवटाला." चंदना घाबरली. "का मॅडम? माझं काय चुकलं का?"

"तुझं नाही गं, त्या डब्याचं चुकलंय!"

डबा शेवटची अक्षरं बघतच नव्हता. माणसाकडून दहा अक्षरं घ्यायची, आणि आपण मात्र पुढची दोन-चार लक्षात ठेवून बाकीची वाऱ्यावर सोडायची. कुणाल दहाच्या खाली पासवर्ड नसतोच म्हणाला होता, त्यामुळे लहान शब्द आम्रपालीनं तपासलेच नव्हते. विकणाऱ्याच्या शब्दावर अण्णांनी ठेवला नव्हता तेवढा विश्वास तिनं ठेवला होता. स्वतःवरच हसत ती रिक्षा करून विश्रामबागेला आली. टर्बोचं बटण दाबलं आणि एका अक्षरापासून सुरुवात केली. एक, दोन, तीन अक्षरांचे सगळे शब्द बघता बघता सरले. चारचे, चहा होईपर्यंत. मग पाच सुरू झाले.

जेवणाच्या आधी अण्णा, चंदना आणि एसटी स्टँडवरून थेट आलेला कुणाल, तिघंही क्लासात येऊन बसले. कुणालनं बॅगेतून छापील कागद काढला होता, फक्त सही व्हायची बाकी.

"सही थोड्या वेळानं करते," आम्रपाली म्हणाली. "अजून एक काम चाललंय."

"काम म्हणजे? साडेचार हजार वर्षं ना?" कुणाल हसला.

तेवढ्यात मशीननं टुंग केलं.

पडद्यावर पाच अक्षरं उभी होती. अण्णांनी चष्मा पुढं ओढून एकेक अक्षर लावलं. "के... ए... एन... जे... यू. कंजू. हे कसलं नाव? मद्रासकडचं दिसतंय."

चंदनानं ओढणीचं टोक तोंडात धरलं होतं.

"चंदना," आम्रपाली हळूच म्हणाली, "हाच का गं?"

"सुरुवात हीच हाय, मॅडम."

"आणि पुढं काय?" अण्णांनी विचारलं. "पुढं बी काय तरी असंल की."

कुणाल खिडकीबाहेर बघायला लागला. अण्णांनी पुन्हा पडद्याकडं पाहिलं, ओठ हलवून अक्षरं जुळवली, आणि त्यांच्या भुवया हळूहळू वर चढल्या.

"कंजूस! कंजूस काय?"

"...मामा," चंदना म्हणाली. मग घाईघाईनं, "मामा, तुमीच म्हनालासा, कुनाच्या डोक्यात येणार न्हाई असला ठेव!"

"डोक्यात येणार न्हाई?" अण्णा ओरडले. "अगं, हे तर आख्ख्या मार्केट यार्डाच्या डोक्यात आलं असतं!"

आधी आम्रपालीला हसू फुटलं, मग कुणालला. चंदना रडावं का हसावं या पेचात होती, तेवढ्यात अण्णाच पोट धरून हसायला लागले आणि डोळे पुसत म्हणाले, "घे बाई, घे नवा कीबोर्ड घे. न्हाई तर फुडचा पासवर्ड ह्याच्यापरीस वंगाळ ठेवशील."

हसणं ओसरल्यावर आम्रपालीनं आपली यादी काढून बघितली. 'कंजूस' तिच्याकडं होता, 'मामा'ही होता. दोन्हींची जोडीसुद्धा झाली होती. सांगलीच्याच मशीननं ती आठवड्यापूर्वी तपासली होती आणि 'नाही' म्हणून पुढं गेली होती. अख्खा पासवर्ड बरोबर होता, म्हणूनच तो चुकला होता. तिच्या मशीननं दहाही अक्षरं घुसळली होती, डबा मात्र मोजून पहिली पाचच घुसळत होता.

कुणालला हे पटेना. मग सगळे मार्केट यार्डात गेले. चंदनानं ओढणी न टाकता, सगळ्यांसमोर, नुसती पाच अक्षरं घातली. कुपवाडच्या कोल्ड स्टोरेजनं सगळ्या पेट्या मांडून दाखवल्या. कुणालनं तिथूनच पुण्याला फोन लावला आणि बराच वेळ नुसतं "हो सर, हो सर" करत राहिला. फोन ठेवून तो प्रांजळपणे म्हणाला, "आधीच्या मॉडेलची चिप आहे आत. तिच्यात पाचच अक्षरांची जागा होती. वरचा प्रोग्रॅम नवा केला, पासवर्ड ठेवताना दहा अक्षरं मागायला लावलं. चिप बदलायची राहिली. आणखी बऱ्याच ठिकाणी असेच डबे दिलेत आम्ही."

"मग आता?" अण्णांनी विचारलं.

"सगळ्या ठिकाणच्या बदलतो, अण्णा. तुमच्या सगळ्यांत आधी."

या गडबडीत साताऱ्याला कळवायचं राहूनच गेलं. आम्रपालीच्या ध्यानात आलं ते संध्याकाळचा फोन वाजला तेव्हा. "जयभीम बेटा. दोन नंबर चालू हाय. लाइट गेल्ती, परत..."

"आबा, सापडला! सकाळीच सापडला!"

"सापडला?" नाथाजी थांबले. "मग मशीन बंद करू?"

"करा की. घरी जा, आराम करा."

"आज रातचा हिस्सा तेवढा होऊ दे," नाथाजी म्हणाले. "सुरू केलेलं काम अर्ध्यात टाकू ने." तिनंही मग आग्रह केला नाही. आईच्या गुडघ्याचं विचारलं आणि भाऊबीजेला येते म्हणून सांगितलं.

दिवाळीनंतर नव्या चिपा आल्या आणि चंदनानं नवा पासवर्ड ठेवला. आम्रपालीनं पुन्हा आकडे टिपले. एका अक्षरापासून सहा अक्षरांपर्यंतचे सगळे शब्द आणि मोठ्या शब्दांच्या जोड्या, तिन्ही मशीनवरून तपासल्या. या वेळी काही सापडलं नाही. शेवटचं अक्षर चुकवून बघितलं तेव्हा डब्यानं आत घेतलं नाही. मग ती स्वतःच्या हातानं लिहिलेला कागद घेऊन मार्केट यार्डात गेली. कुणालही आला होता.

अण्णांनी कागद वाचला, उलटा करून मागंही बघितलं. "मॅडम, ह्यात अभेद्य कुठं हाय?"

"नाही लिहिलं. आमच्या तीन मशीनना इतक्या दिवसांत हा पासवर्ड सापडला नाही, असं लिहिलंय. तेवढंच मला माहीत आहे, अण्णा. मशीन दर वर्षी वेगवान होतायत. आज ज्याला वर्षं लागतात, त्याला उद्या महिने लागतील. तेव्हा परत तपासायचं."

"म्हंजे दर साली तुमाला बोलवायचं म्हना की."

"बोलवा की."

अण्णांनी कागदाची घडी घातली आणि ती खिशात ठेवत कुणालकडं बघितलं. "ऐकलंस का रं? ह्याला म्हणतात खरं बोलणारं मानूस. तुज्या कंपनीत हाय का असं कोन?"

कुणाल कान खाजवत म्हणाला, "त्याचंच विचारणार होतो, अण्णा. नवीन डबे गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी मॅडमकडं पाठवायचं म्हणतायत आमचे साहेब. पण डबे जाळणार नसाल तर, असं म्हणालेत."

"एखाद-दुसरा जळणारच," आम्रपाली म्हणाली.

चंदनानं तोवर सगळ्यांसमोर बेदाण्यांची बशी ठेवली होती. नव्या कीबोर्डवर सांडू नये म्हणून ती टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवली होती, आणि तिथून हात लांब करकरून चौघांनी ती दुपार होईस्तोवर संपवली.